फुकटची साधने, महागडा वेळ

इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातील तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, असा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांचे विधान गाजले. दोन्ही वेळा उलटसुलट चर्चा झाली, विनोद झाले आणि विषय मागे पडला. परंतु ज्या व्यवसायाने मूर्तींना मोठे केले, त्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यवसायात एक तास वाढवल्याने नेमके काय वाढते, हा प्रश्न त्या चर्चेत बाजूलाच राहिला. धाराशिव जिल्ह्याला मात्र तो विचारणे भाग आहे. येथील कितीतरी शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरांतून आज याच व्यवसायाकडे आशेने पाहिले जाते. ज्या धंद्यात मुलाला घालायचे, त्या धंद्याचे खरे भांडवल कोणते, हे पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

या व्यवसायातील सर्वांत परिचित कारागीर म्हणजे वेब डेव्हलपर. वेबसाइट बांधणारा आणि ती चालती ठेवणारा तो हा. आपण त्याला ओळखत नाही; पण त्याच्या कामाशी आपली रोज गाठ पडते. सातबारा काढणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, पीकविम्याची नोंद करणे, शाळेची माहिती वर पाठवणे, या प्रत्येक पानामागे कोणीतरी लिहिलेला कोड असतो. अर्जाच्या अखेरच्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ ही अक्षरे उमटतात आणि शिक्षक, कारकून व विद्यार्थी एकाच वेळी हताश होतात, तेव्हा दूर कोठेतरी एखादा तरुण जेवणाचे ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडत असतो.

आठवडा कसा सरतो

नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम कळंबच्या किंवा उमरग्याच्या घरी बसून, अशा तरुणाचा एखादा आठवडा नजरेसमोर आणावा. सोमवारी मीटिंगमध्ये कामांची वाटणी होते. एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटवरील पैसे भरण्याचे पान बदलायचे आहे; काम दोन दिवसांचे, असे ठरते. मंगळवारी ध्यानात येते, की ते पान दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या कोडवर उभे आहे आणि त्या कोडची जुनी आवृत्ती आता चालत नाही. तो सारा दिवस कोड लिहिण्यात नव्हे, वाचण्यात जातो. बुधवारी पान तयार होते. नव्या फोनवर ते नीट दिसते. जुन्या फोनवर मात्र ‘पैसे भरा’ हे बटण पडद्याबाहेर जाते. गुरुवारी सहकारी कोड तपासून शंका काढतो. त्याच दुपारी वीज जाते आणि मोबाइलच्या नेटवर काम रेटावे लागते. शुक्रवारी रात्री, वर्दळ कमी झाल्यावर, नवे पान सर्व्हरवर चढवले जाते. शनिवारी सकाळीच फोन येतो, की काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात आहेत. बराच वेळ शोधल्यावर चूक सापडते ती अवघ्या एका ओळीची. ग्राहकाने घाईने बटण दोनदा दाबले तर काय होईल, याचा विचारच कोणी केलेला नव्हता. ती दुरुस्ती होऊन रविवारी सर्वांचे पैसे जुळेपर्यंत आठवडा संपलेला असतो.

वाचकांच्या ध्यानात येईल, की या आठवड्यात बोटांनी केलेले काम थोडे आणि डोक्याने केलेले फार. विणकराने दोन तास जास्त माग चालवला तर त्या मापाने कापड जास्त निघते. येथे थकलेल्या डोक्याने लिहिलेल्या दहा ओळी पुढच्या आठवड्यात दहा तास खातात. घाईने उरकलेल्या अशा कोडला या धंद्यात ‘कर्ज’ असेच म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९२ साली ही उपमा वापरली आणि ती रूढ झाली. सावकारी कर्जाचा अर्थ आपल्या जिल्ह्याला वेगळा समजावून सांगायला नको. मुद्दल छोटे दिसते. व्याज घर खाते. वेबसाइटची पाने जिच्यावर चालतात ती जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये प्रथम अवघ्या दहा दिवसांत उभी केली. ते कर्तृत्व थोरच. पण त्या दहा दिवसांत राहून गेलेल्या विक्षिप्तपणांचे व्याज जगभरचे प्रोग्रॅमर अद्याप फेडत आहेत.

गायरान आणि राखणदार

या आठवड्याची दुसरी बाजू अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक विचार करायला लावणारी आहे. या तरुणाची साधने बहुतांशी फुकट आहेत. कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर फुकट, सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली फुकट, अडचण आली की उघडायची मोझिलाची माहितीची पाने फुकट. स्टॅक ओव्हरफ्लोवर अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेही फुकट. जी वस्तू सर्वांना खुली असते आणि एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही, तिला आम्ही वर्गात ‘सार्वजनिक वस्तू’ म्हणतो आणि उदाहरण म्हणून रस्त्यावरचा दिवा सांगतो. आता या लिंकांचे उदाहरण सांगावे, असे वाटते.

ही उदारता आपोआप आलेली नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर कोणताही मोबदला न घेता जगाला खुले केले. त्याच वर्षी, बरोबर पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर आणि आपला जिल्हा भूकंपाने हादरला. किल्लारीप्रमाणेच सास्तूर आणि उमरगा-लोहारा परिसरातील गावे क्षणात जमीनदोस्त झाली. त्यानंतर अनोळखी माणसे दूरदूरहून धावून आली आणि गावे पुन्हा उभी राहिली. त्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी श्रम करणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपल्याकडची इर्जिक तरी दुसरे काय होती? आज तुझे रान, उद्या माझे. मजुरीचा हिशेब नाही, पण येण्याचा धर्म चुकवायचा नाही.

इर्जिकीत जेवून औत न धरणारे मात्र नेहमीच असतात. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने वादातून आपला ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा कोड सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभर हजारो प्रकल्पांचे काम अडले. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही चूक उजेडात आली, ती बँकांपासून सरकारांपर्यंत सर्वांनी सुरक्षिततेसाठी वापरलेल्या ओपन-एसएसएल या कोडमध्ये. ते काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे सांभाळत होती आणि त्यासाठी मिळणाऱ्या देणग्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच होत्या. अब्जावधींचा व्यापार या फुकटच्या कोडवर चालत होता आणि राखणदाराच्या पगाराची सोय मात्र कोणी केलेली नव्हती.

सामायिक मालमत्ता वापरणारे स्वतः नियम करून ती उत्तम राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पण चराईबरोबर राखणही वाटून घेतली, तरच गायरान टिकते. कोडच्या या गायरानाची राखण पैशाने क्वचित होते. ती होते कोणाच्या तरी मोकळ्या वेळाने. रात्री जेवण झाल्यावर दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर लिहिणारा माणूस, सुटीच्या दिवशी चूक दुरुस्त करणारी विद्यार्थिनी, हे खरे राखणदार. त्यांचा मोकळा वेळ काढून घ्या, म्हणजे फुकटची साधनेही आटतील.

देवळालीच्या मास्तरांचे कोडे

मोकळ्या वेळातून काय निपजते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. १९३० ते १९६२ अशी त्यांची नोकरी. पदव्युत्तर पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. छंद आकड्यांशी खेळण्याचा. १९४९च्या सुमारास त्यांनी एक गंमत जगापुढे ठेवली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ या संख्येवर येता आणि मग तेथेच राहता. वर आलेले १९९३ हेच वर्ष घ्या. ९९३१ मधून १३९९ गेले, उरले ८५३२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना जगात अनेक ठिकाणी हे कोडे घातले जाते.

हे कोडे वहीवर सोडवणे सोपे. संगणकाकडून सोडवून घेताना खरे शिक्षण होते. नवशिका विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितो, १९९३ घालून पाहतो, उत्तर बरोबर येते आणि तो खूश होतो. आता त्याने १११२ ही संख्या घालावी. २१११ उणे १११२ म्हणजे ९९९. माणूस सहज ०९९९ असे लिहून पुढे जातो. संगणक मात्र पुढचे शून्य गाळतो. त्याच्या लेखी ९९९ चे अंक कसेही मांडले तरी ९९९च, वजाबाकी शून्य. प्रोग्रॅम ६१७४ ऐवजी शून्यावर जाऊन बसतो. शून्य राखले, तर ०९९९ वरून ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४ येते. पुढे जिज्ञासू मुलगी विचारील, की दोन अंकी संख्यांचे काय? तिने ४५ घेतले तर ९, ८१, ६३, २७ आणि पुन्हा ४५ असे चक्र सुरू होते. ‘उत्तर स्थिर होईपर्यंत चालू ठेव’ असे संगणकाला सांगितले असेल, तर तो बिचारा जन्मभर वजाबाकी करीत बसेल. तीन अंकी संख्यांचे काय होते, ते वाचकांनी स्वतःच करून पाहावे. तेथेही एक मुक्काम आहे.

गळालेले शून्य आणि दोनदा दाबलेले बटण, या दोन चुका एकाच जातीच्या आहेत. दोन्ही ठिकाणी भाषा येत होती, साधने हाताशी होती. कमी पडला तो ‘असे झाले तर काय?’ हा प्रश्न. हा प्रश्न विचारण्याची सवय लागते ती निवांतपणे कोडी सोडवताना, ज्यात गुण नाहीत, मुदत नाही आणि चुकल्याची लाज नाही. म्हणूनच मी म्हणतो, की या व्यवसायाचे खरे भांडवल लॅपटॉप नव्हे आणि लिंकाही नव्हेत; कोडी सोडवण्यासाठी मिळालेला मोकळा वेळ हेच ते भांडवल.

तासांचा हिशेब

आता सत्तर आणि नव्वद तासांकडे परत येऊ. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तासांची झोप धरली तर ५६ गेले. स्नान, जेवण, बाजार, प्रवास, घरकाम यांना रोज तीनच तास दिले तर आणखी २१ गेले. उरले ९१. त्यातून नव्वद तास कामाला दिले, तर आई-वडील, मुले, आजारपण आणि नवे शिक्षण या सर्वांसाठी आठवड्यात एक तास शिल्लक राहतो. सत्तर तासांत २१ राहतात. ४८ तासांत ४३. मूर्तींनी महायुद्धानंतरच्या जर्मनी व जपानचा दाखला दिला होता. पडलेले कारखाने उभारायचे असतात तेव्हा तासांनाच मोल असते, हे खरे. परंतु दर दोन-तीन वर्षांनी साधने बदलणाऱ्या धंद्यात ज्याला शिकायला वेळ नाही, त्याचे कौशल्य झिजत जाते. यंत्राच्या झिजेची तरतूद ताळेबंदात करणाऱ्या कंपन्या माणसाच्या झिजेची तरतूद कोणत्या खात्यात करतात? ‘सवडीने वाचू’ म्हणून साठवलेल्या लिंकांची न संपणारी यादी हीच त्या झिजेची नोंदवही.

आठवड्याची सुटी ही काही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यातही आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक सुटी आहे. मात्र छोट्या आस्थापना त्यातील बहुतेक तरतुदींबाहेर राहतात आणि घरी बसून कामाचे तुकडे उचलणारा तरुण तर कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. गिरणीचा भोंगा कामगाराला बोलावी, तसा घरीही पाठवी. खिशातल्या फोनला घरी पाठवण्याचा भोंगाच नाही.

पक्के मडके

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहिते. मग हा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. चॅट-जीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि कोडच्या ओळी मागाल तितक्या मिळू लागल्या. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. परंतु एखादी वस्तू स्वस्त झाली, की तिच्या जोडीला लागणाऱ्या दुसऱ्या वस्तूची मागणी वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. लिहिणे स्वस्त झाले. आता पारखणे महाग होईल. तेरचे संत गोरोबाकाका हातात थापटणे घेऊन संतमंडळींच्या डोक्यावर ठोकून कोणते मडके कच्चे, कोणते पक्के हे सांगत, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. यंत्राने घडवलेल्या मडक्यांची रास लागेल, तेव्हा थापटणे धरणारा हात हवा. १११२ घालून पाहावे, हे सुचणे म्हणजेच ते थापटणे.

तेरचे आणखी एक स्मरण येथे उचित ठरेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव तगर म्हणून ओळखले जाई. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून साधे व तलम कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेथून ते समुद्रापार जाई. बंदर दूर होते, रस्ते बिकट होते, तरी माल गेला. कारण हात तयार होते. २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव असलेल्या या जिल्ह्याला आज गाड्यांचीही गरज नाही. कोडला वाहतूक खर्च नाही. तरीही आपली मुले पुण्यातील खोलीचे भाडे आणि क्लासची फी यांसाठी घरचे सोने मोडतात आणि तेथे जे शिकतात, त्यातील बरेचसे फुकटच्या लिंकांवर आधीच असते. पवईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात तर काही पाठ मराठीतूनही आहेत. इंग्रजीची भिंत खरी आहे. पण तिला दारे आहेत.

जिल्ह्यातील महाविद्यालयांची आणि शाळांची संगणक प्रयोगशाळा तास संपला की कुलूपबंद होते. ती शनिवारी दुपारी दोन तास उघडी ठेवावी. फळ्यावर एक कोडे लिहावे. कापरेकरांचे चालेल, बाजारहाटाचे चालेल, एसटीच्या वेळापत्रकाचे चालेल. परीक्षा घेऊ नये, प्रमाणपत्र देऊ नये, मुलांना चुकू द्यावे. ज्याला उत्तर सापडेल त्याने ते मराठीत लिहून पुढच्या मुलांसाठी ठेवावे, म्हणजे गायरानात आपलीही भर पडेल. या जिल्ह्यातून गेलेल्या आणि आज पुण्यात वा परदेशात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी देणगीची पावती फाडण्याऐवजी महिन्याचा एक शनिवार द्यावा. आणि पालकांनी ‘त्या कोड्यांतून नोकरी मिळणार का?’ हा प्रश्न थोडे दिवस मागे ठेवावा. घरची ओढ असलेल्या मुलाला नोकरीची घाई असते, हे मला रोज वर्गात दिसते. पण पेरणीआधी नांगरटीला दिलेला वेळ कोणताही शेतकरी वाया गेलेला समजत नाही.

मात्र ज्या मुलांना आपण ही सवय लावू, त्यांना पुढे नव्वद तासांच्या घाण्याला जुंपू दिले, तर हा सारा खटाटोप व्यर्थ जाईल. तेव्हा कामाच्या तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुटी या मागण्या आळशांच्या नसून या धंद्याच्या भांडवलाच्या रक्षणाच्या आहेत, हे शिक्षकांनी वर्गात आणि संघटनांनी वाटाघाटीत ठामपणे सांगितले पाहिजे. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार गिरणी कामगारांच्या विश्रांतीसाठी होता. कोड लिहिणाऱ्यांच्या या पिढीला तो विश्रांतीइतकाच विचार करण्यासाठीही हवा आहे.